‘वेळेचं नियोजन शिकलो’, आणि पुढे? स्वतंत्र प्रकल्पाचा चिंतनपर अहवाल कसा लिहायचा

“या प्रकल्पातून मला वेळेचं नियोजन शिकायला मिळालं.”

हे वाक्य मी इतक्या अहवालांत वाचलंय की पान उलटायच्या आधीच ते दिसायला लागतं. त्याच्या मागोमाग ‘अनेक अडचणी आल्या, पण त्यांवर मात केली’ येतं आणि मग मार्गदर्शकांचे आभार. यातलं खोटं काहीच नसतं. वेळ खरोखर कमी पडलेला असतो, अडचणी आलेल्या असतात, मार्गदर्शकांनी वेळेला हात दिलेला असतो. फक्त ही तिन्ही वाक्यं उचलून शेजारच्या मुलाच्या अहवालात टाकली, तर त्यालाही ती बेलाशक चालतात. मग त्याचा विषय रोबोट असो, जुनी पत्रं असोत की मुंग्यांच्या रांगा.

विद्यार्थ्यांचा यात फारसा दोष नाही. ‘शेवटी रिफ्लेक्टिव्ह रिपोर्ट जोडा’ एवढंच सांगितलेलं असतं. मराठीत त्याला कुणी चिंतनपर अहवाल म्हणतं, कुणी आत्मपरीक्षण, कुणी नुसतंच ‘तुमचा अनुभव’. चिंतन म्हटलं की मुलांना वाटतं, काहीतरी गहन, फळ्यावरच्या सुविचारासारखं लिहायचं. आत्मपरीक्षण म्हटलं की चुका कबूल करायच्या. आणि अनुभव म्हटलं की सहलीचं वर्णन सुरू होतं: आधी हे केलं, मग ते केलं, मजा आली. तिन्ही शब्द जरा भलतीकडेच नेतात. म्हणून हे प्रकरण नेमकं काय असतं, ते सावकाश उलगडून बघू.

दोन कागद, दोन प्रश्न

स्वतंत्र प्रकल्पात विषय विद्यार्थ्याने निवडायचा, पद्धत त्यानेच ठरवायची आणि आठवड्यांचं गणितही त्यानेच बसवायचं. मार्गदर्शक असतात, पण ते मधूनमधून ‘कुठवर आलंय?’ विचारणारे. अशा प्रकल्पाच्या शेवटी दोन गोष्टी हातात येतात. एक मुख्य काम: निबंध, प्रयोग, यंत्र, सर्व्हे, जे काही असेल ते. दुसरा हा अहवाल.

मुख्य काम ‘काय सापडलं?’ याचं उत्तर देतं. त्यासाठी ते झाडूनपुसून स्वच्छ करावंच लागतं. पहिले दोन विषय का सोडले, प्रश्नावलीचा पहिला खर्डा कसा फसला, मधला एक आख्खा आठवडा कसा वाया गेला, याला तिथे जागा नसते आणि नसावीही. चिंतनपर अहवाल विचारतो ते वेगळंच: तुमचा विचार इथपर्यंत कुठल्या वाटेने आला? म्हणजे मुख्य कामातून झाडून काढलेला बराचसा कचरा इथे कच्चा माल म्हणून परत उपयोगाला येतो.

परीक्षकाला तो कशाला हवा असतो? कारण सुबक काम पाहून ते कुणाच्या डोक्यातून निघालं हे कळत नाही. निष्कर्ष बरोबर आला तो विचार करून आला की नशिबाने, हेही कळत नाही. म्हणून बऱ्याच अभ्यासक्रमांत चिंतनाला वेगळी जागा दिलेली असते. आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) डिप्लोमातल्या एक्स्टेंडेड एसेचंच, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः विषय निवडून लिहायच्या दीर्घ संशोधनपर निबंधाचंच बघा: निबंधाची मर्यादा ४००० शब्दांची आणि त्यासोबतच्या चिंतनाची ५००. पाचशे शब्द म्हणजे जेमतेम दीड-दोन पानं. त्यात सहलीचं वर्णन घुसलं की संपलंच.

फाटा कुठे लागला?

माझ्या मते या अहवालाचं एकक आठवडा नाही, टप्पा नाही, प्रकरणही नाही. ते आहे निर्णय. ‘मी काय काय केलं’ याऐवजी ‘मी कुठे कुठे ठरवलं’ एवढा एक बदल केला तरी अर्धं काम होतं.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये विचार करण्याच्या क्रियेवर लिहिताना फाटा फुटलेल्या रस्त्याची उपमा वापरली होती. रस्ता सरळ असतो तोवर माणूस नुसता चालत राहतो. फाटा लागला की थांबतो, इकडेतिकडे बघतो, खुणा शोधतो. विचार तिथे सुरू होतो. आपल्या प्रकल्पातही असंच असतं. चाळीस दिवसांपैकी पस्तीस दिवस आपण सरळ चालत असतो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. उरलेल्या पाच दिवसांत कुठेतरी फाटा लागलेला असतो.

तो ओळखायचा कसा? प्रत्येक घटनेला एकच प्रश्न विचारायचा: इथे मला दुसरं काही करता आलं असतं का? उत्तर ‘नाही’ आलं, तर ती घटना एका वाक्यात उरका किंवा सोडून द्या. पावसाने दोन दिवस बाहेर जाता आलं नाही, यात फाटा नाही. पण त्या दोन दिवसांत ‘आता नमुने कमी पडणार, तर तारीख वाढवू की नमुने कमी करू?’ असा पेच पडला असेल, तर तिथे थांबा. तिथेच तुमचं घोडं पेंड खात होतं, आणि परीक्षकाला तेच बघायचंय.

एक उदाहरण, जवळून

समजा, एका मुलीने प्रकल्प घेतला: वाचनकक्षात दिवसाच्या कुठल्या वेळी सगळ्यात जास्त गोंगाट असतो? फोनवर आवाज मोजणारं अ‍ॅप, तीन आठवडे, रोज चार वेळा मोजणी. अहवालाच्या पहिल्या खर्ड्यात ती लिहिते:

“माझ्या प्रकल्पात मला काही तांत्रिक अडचणी आल्या. दुसऱ्या आठवड्यात फोन बदलावा लागल्यामुळे मोजमापांत फरक आला. मात्र मार्गदर्शकांच्या मदतीने ही अडचण सोडवण्यात आली. यातून मला अचूकतेचं महत्त्व समजलं.”

वाक्यरचना शुद्ध आहे. पण मार्गदर्शक समासात पेन्सिलीने काय लिहितील? फरक किती? कधी कळला? कळल्यावर आधी काय वाटलं? ‘सोडवण्यात आली’ म्हणजे कुणी आणि नेमकं काय केलं? दुसरं काय करता आलं असतं? अचूकतेचं महत्त्व तर पहिल्या दिवशीही माहीत होतं. मग नवीन काय समजलं?

त्या पेन्सिलीच्या खुणांना उत्तरं देत लिहिलेला दुसरा खर्डा असा:

“दुसऱ्या आठवड्यात माझा फोन दुरुस्तीला गेला, म्हणून मी मैत्रिणीचा वापरला. आकडे आधीपेक्षा साधारण ८ डेसिबलने चढले. ‘परीक्षा जवळ आली, गर्दी वाढली’ असं मी वहीत लिहिलं आणि पुढे गेले. हे कारण मला लगेच पटलं, कारण परीक्षेआधी गोंगाट वाढतो हा माझा आधीपासूनचाच अंदाज होता. चार दिवसांनी सकाळी कक्षात माझ्याशिवाय कुणी नसतानाही आकडा तितकाच चढा आला, तेव्हा शंका आली. माझा फोन परत आल्यावर दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. एकावर ३८, दुसऱ्यावर ४६. आता तीन वाटा होत्या: दुसरा आठवडा टाकून द्यायचा, त्यातल्या प्रत्येक आकड्यातून ८ वजा करायचे, किंवा दोन फोनांचे आकडे एकमेकांशी ताडायचेच नाहीत आणि एकाच फोनवरच्या सकाळ-दुपार-संध्याकाळची तुलना करायची. वजाबाकी सोपी होती, पण ८ चा फरक मी फक्त शांत खोलीत पाहिला होता; गोंगाटात तो तेवढाच राहतो का, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून तिसरी वाट घेतली. त्यामुळे ‘परीक्षेआधी गोंगाट वाढतो का’ हा प्रश्न मला सोडावा लागला.”

हा परिच्छेद लांब झाला, कबूल. पण यातलं एकही वाक्य दुसऱ्या कुणाच्या अहवालात चिकटवता येणार नाही. आणि त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य कुठलं? तीन वाटांचं नव्हे. ‘हे कारण मला लगेच पटलं, कारण माझा आधीपासूनचाच अंदाज होता’ हे. आपल्याला हवं ते कारण समोर आलं की आपण तपासणी थांबवतो, ही गोष्ट तिने स्वतःच्या वहीत रंगेहाथ पकडली. अचूकतेचं महत्त्व वगैरे तिला आता वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

याच प्रकल्पात आणखी एक फाटा लपलेला आहे, आणि तो तिला कदाचित शेवटच्या आठवड्यातच दिसेल. सरासरी काढताना तिने ६० आणि ८० डेसिबलची सरासरी ७० धरली. पण डेसिबलची मोजपट्टी साध्या फुटपट्टीसारखी नसते. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे ८० डेसिबलमध्ये ६० च्या शंभरपट ऊर्जा. ऊर्जेची सरासरी काढून परत डेसिबलमध्ये आणली तर उत्तर ७० नाही, ७७ च्या आसपास येतं. हे उशिरा कळलं तर सगळे तक्ते पुन्हा करायचे, की तसेच ठेवून मर्यादा म्हणून नोंदवायचं? दोन्ही निर्णय समर्थनीय आहेत. पण काय ठरवलं आणि का, हे लिहिलं पाहिजे. शिवाय ‘मोजायचं साधन मिळालं, पण ते कुठल्या मोजपट्टीवर बोलतं हे मी विचारलंच नाही’ हे वाक्य त्या मुलीला दुसऱ्या कुठल्याही प्रकल्पात कामाला येईल. भूकंपाची रिश्टर मोजपट्टी असो की आम्लता सांगणारा पीएच, या मोजपट्ट्याही अशाच पटीपटीने चालतात.

वही आजच उघडा

आता खरी अडचण. असा परिच्छेद प्रकल्प संपल्यावर आठवून लिहिता येत नाही. आठवतं ते जरा सुधारून आठवतं.

१९७५ साली बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर निघण्याआधी त्यांनी विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं होतं की, या दौऱ्यांत अमुक अमुक घडण्याची शक्यता किती वाटते. दौरे आटोपल्यावर काही काळाने त्याच विद्यार्थ्यांना आपापले जुने अंदाज आठवायला सांगितले. जे प्रत्यक्ष घडलं होतं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती, असं त्यांना आठवू लागलं. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. आपल्याकडे ‘मला वाटलंच होतं’ म्हणतात ना, तेच. पश्चातबुद्धीची गंमत अशी की ती पश्चात आलीय, हेच आपल्याला कळत नाही.

चिंतनपर अहवालासाठी हे फार गैरसोयीचं आहे. फोनचा घोळ कळल्यानंतर त्या मुलीला प्रामाणिकपणे वाटू शकतं की आपल्याला पहिल्याच दिवशी शंका आली होती. वहीतली ‘परीक्षा जवळ आली, गर्दी वाढली’ ही ओळ नसती, तर अहवालातलं ते सगळ्यात मोलाचं वाक्य जन्मालाच आलं नसतं.

म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून एक वही. देखणी नको, रोज दोन पानं लिहायचीही गरज नाही. तारीख घालून तीन गोष्टी: काय ठरवलं, का ठरवलं, आणि पुढे काय होईल असं वाटतंय. तिसरी सगळे गाळतात आणि तीच सगळ्यात कामाची. अंदाज लिहून ठेवलेला असला, तरच तो चुकला हे दिसतं. नोंद अशी चालते: “प्रश्नावलीत १८ प्रश्न ठेवले. कमी केले तर माहिती अपुरी पडेल असं वाटतंय. बहुतेक सगळे भरून देतील.” दोन आठवड्यांनी खाली: “४० पैकी १७ जणांनी अर्ध्यात सोडली. बहुतेक ११ व्या प्रश्नाला, जिथे लांब उत्तर लिहायचं होतं.” एवढं जमलं की अहवालाचा एक परिच्छेद जवळपास तयारच असतो.

मी स्वतः शिकत असताना एक प्रकल्प केला होता आणि त्याची रोजनिशी शेवटच्या रात्री, तीन वेगवेगळ्या पेनांनी बसून लिहिली होती. शाई बदलली की तारीख खरी वाटेल असा हिशेब. पेनं वेगळी होती, पण मूड सगळीकडे सारखाच होता: पहिल्या दिवशीच मला शेवटचा निष्कर्ष ठाऊक असल्यासारखा. परीक्षकांनी वही चाळली, हसले आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

वही ठेवलीच नसेल तर? अजून उशीर झालेला नाही, पण नुसत्या आठवणीवर विसंबू नका. फाइलचे जुने खर्डे उघडा, त्यांच्या तारखा बघा. मार्गदर्शकांना पाठवलेले मेल, मित्राला रात्री पाठवलेला ‘अरे हे चालतच नाहीये’ हा मेसेज, फोनमधले फोटो, ब्राउझरमध्ये काय काय शोधलं त्याची यादी. यातून वाट बऱ्यापैकी परत उभी करता येते. आणि अहवालात तसं सरळ सांगा की ही जुळवाजुळव मागाहून, जुन्या मेलवरून केली आहे. त्याने कुणाचे गुण जात नाहीत.

वेळेच्या वाक्याचं काय करायचं?

‘वेळेचं नियोजन शिकलो’ हे लिहायचंच असेल, तर आकडे द्या. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहीत असलेल्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. आणि सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ ते ५६. म्हणजे ‘सगळं बिनसलं तर’ असं धरून केलेला अंदाजही पुरला नाही. नियोजनातल्या या ठराविक आशावादाला डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच नाव दिलं होतं, प्लॅनिंग फॅलसी. तेव्हा तुमचा वेळ कमी पडला ही बातमीच नाही. तो बहुतेकांचा पडतो.

बातमी असते ती कुठल्या कामाने किती खाल्ला यात. माहिती गोळा करायला दहा दिवस धरले होते आणि अकरा लागले, पण मिळालेली माहिती तक्त्यात भरायला दोन धरले होते आणि नऊ लागले. का? कारण भरणं म्हणजे नुसती टायपिंग, असं वाटलं होतं. प्रत्यक्षात प्रत्येक उत्तर कुठल्या गटात टाकायचं हे ठरवावं लागलं, आणि गट तर आधी बनवलेच नव्हते. हे लिहिलं की ‘वेळेचं नियोजन’ या गुळगुळीत शब्दांना टोक येतं. शिकलेली गोष्टही बदलते: गट आधी बनवायला हवे होते. तिचा घड्याळाशी फारसा संबंध उरत नाही.

साचे: वापरा, पण दिसू देऊ नका

शिक्षक अनेकदा एखादा साचा देतात. डेव्हिड कोल्ब यांचं १९८४ मधलं चक्र: अनुभव, त्याकडे मागे वळून पाहणं, त्यातून नियम काढणं, तो पुन्हा वापरून बघणं. ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ मधलं सहा पायऱ्यांचं: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय, असं का झालं, काय निष्कर्ष, पुढे काय करणार. टेरी बॉर्टन यांनी १९७० मध्ये दिलेले तीन प्रश्न सगळ्यात आटोपशीर: काय? मग त्याचं काय? आता काय?

मला बॉर्टन आवडतात, कारण मधला प्रश्न उद्धट आहे. ‘फोन बदलला.’ मग त्याचं काय? उत्तर देईपर्यंत तो सोडत नाही. गिब्जच्या सहा पायऱ्या सुरुवातीला बऱ्या पडतात, पण सहाच्या सहा ठळक शीर्षकं टाकून प्रत्येकाखाली चार-चार ओळी भरलेला अहवाल वाचताना अर्ज भरल्यासारखं वाटतं. साचा म्हणजे इमारतीभोवती बांधलेली परांची. काम झालं की ती उतरवायची असते.

याउलट, स्वतःचं लिखाण तपासायला सिडनी विद्यापीठातल्या नेव्हिल हॅटन आणि डेव्हिड स्मिथ यांची १९९५ मधली विभागणी फार उपयोगी आहे. शिक्षक व्हायला शिकणाऱ्यांचं लिखाण वाचून त्यांनी त्याच्या चार पातळ्या केल्या. आपल्या उदाहरणावर त्या अशा बसतात. ‘फोन बदलला, आकडे वाढले’ हे नुसतं वर्णन. ‘आकडे वाढले, कारण दोन फोनांचे माइक वेगळे’ इथे कारण आलं, पण एकच. ‘गर्दीनेही वाढले असतील, माइकमुळेही, रिकाम्या खोलीतल्या आकड्यावरून दुसरं जास्त पटतं’ इथे लेखक स्वतःशी वाद घालतोय. आणि चौथी: ‘आवाज किती हे मी मोजलं, पण गोंगाट म्हणजे काय हे कुणाच्या नजरेतून ठरवलं? वाचायला आलेल्यांना डेसिबलपेक्षा दोघांची कुजबुज जास्त खुपत असेल, तर माझा प्रश्नच अपुरा होता.’ इथे प्रकल्पाच्या पायालाच हात घातला गेला. सगळा अहवाल चौथ्या पातळीवर लिहायचा अट्टहास नको, वाचवणार नाही. पण सगळाच पहिल्या पातळीवर असेल तर तो चिंतनपर नव्हे.

‘राहून गेलं’ हे क्रियापद

हा भाग मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास. आपल्या भाषेत कर्ता लपवायच्या सोयी फार छान आहेत. ‘मोजमापं घेण्यात आली.’ ‘चूक झाली.’ ‘एक फोन बदलला गेला.’ आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘नोंदी करायच्या राहून गेल्या’. राहून गेल्या! जणू नोंदी स्वतःच कुठल्यातरी स्टेशनवर उतरायच्या विसरल्या.

मुख्य निबंधात ही शैली खपते, कधीकधी मागितलीही जाते. चिंतनपर अहवालात ती मारक आहे, कारण इथे प्रश्नच ‘कुणी ठरवलं?’ हा असतो. ‘मी नोंदी केल्या नाहीत, कारण पहिले तीन दिवस आकडे सारखेच आले आणि मला वाटलं आता रोज लिहायची गरज नाही’ असं लिहिलं की चुकीच्या पाठीमागचा विचार दिसतो. तो विचार चुकीचा असला तरी मूर्खपणाचा नव्हता, हेही वाचणाऱ्याला कळतं. एकट्याने केलेल्या प्रकल्पाला ‘आम्ही’ नको, आणि ‘प्रस्तुत विद्यार्थ्याने’ तर नकोच नको.

पण ‘मी’ आला म्हणून रडगाणंही नको. भावना किती लिहायच्या, असं मुलं विचारतात. माझं उत्तर: भावनेने निर्णय बदलला असेल तेवढीच. ‘मी खूप निराश झालो’ याला अहवालात काम नाही. ‘सलग तीन जणांनी मुलाखत नाकारल्यावर चौथ्याला विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून मी ओळखीच्यांनाच विचारलं, आणि त्यामुळे सगळी उत्तरं एकाच वयोगटातली आली’ याला आहे. तिथे निराशा थेट डेटापर्यंत पोचली.

फसलेल्या प्रकल्पाला कमी गुण पडतात का, हाही नेहमीचा प्रश्न. मुख्य कामाला पडू शकतात. चिंतनाला त्यामुळे पडायचं कारण नाही. खरं तर सगळं सुरळीत पार पडलेल्या मुलाचीच इथे पंचाईत होते. त्याला फाटे शोधून काढावे लागतात. ते असतातच, फक्त तिथे त्याने बरोबर वाट धरली म्हणून लक्षात राहिलेले नसतात. ‘हे बरोबर आलं ते का?’ हा प्रश्न ‘हे चुकलं ते का?’ इतकाच अवघड आहे, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर कधीकधी ‘योगायोगाने’ असंही निघतं.

तयार चॅटबॉटकडून हा अहवाल लिहून घेण्याबद्दल एकच सांगते. नियमांचा मुद्दा आहेच, तो तुमच्या शिक्षकांना विचारा. पण व्यवहार म्हणून बघितलं तरी तो सौदा तोट्याचा आहे: त्याला तुमची वही माहीत नसते, त्यामुळे तो नेमकं ते वेळेचं वाक्यच लिहितो, जरा अधिक गुळगुळीत करून.

शेवटचा परिच्छेद आणि पहिला

‘पुढच्या वेळी मी अधिक काळजी घेईन’ असं वचन देऊ नका. काळजी कशी घेणार, हे दिसलं पाहिजे. ‘पुढच्या वेळी साधन बदललं तर त्याच दिवशी दोन्ही साधनं शांत आणि गोंगाटाच्या अशा दोन्ही ठिकाणी शेजारी ठेवून बघेन’ ही करण्याजोगी गोष्ट झाली. अशी एक-दोन पुरतात. आणि सुटला नाही असा एखादा प्रश्न उरला असेल, तर तो उघडाच ठेवा. सगळ्या गाठी सुटल्याचा आव आणायची गरज नाही.

हे सगळं लिहून झालं की पहिल्या परिच्छेदाकडे परत या. बहुतेक वेळा तिथे ‘प्रकल्प हा विद्यार्थी जीवनातील एक महत्त्वाचा भाग आहे’ असं नमनाला घडाभर तेल ओतलेलं असतं. तो परिच्छेद आख्खा काढून टाका आणि दुसऱ्यापासून वाचून बघा. अर्थाला धक्का लागत नसेल, तर अहवाल तिथूनच सुरू होत होता. त्यातून वाचवलेल्या साठ-सत्तर शब्दांत तो ३८ आणि ४६ चा किस्सा मावतो.